मिडो मैदानाबाहेर येताना

गेल्या हंगामात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एक फुटबॉलचा सामना बघत होतो. दुसरा हाफ अर्ध्याहून जास्त उरकलेला, बरोबरी चाललेली, उन्हं कलली तरी पायऱ्या अजून तापलेल्या. तेवढ्यात एका तालमीच्या संघाचा फॉरवर्ड, जेमतेम विशीतला पोरगा, बाहेर बोलावला गेला. पाटीवर आपलाच नंबर आहे हे त्याला आधी पटेचना. त्याने मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी निघालंय का ते. मग सावकाश, मुद्दाम सावकाश चालत तो रेषेपर्यंत आला, आत जाणाऱ्याच्या हाताला हात लावला नाही, कोचकडे बघितलं नाही. पिंडरीचे पॅड उपसून काढले आणि बाकावर न बसता सरळ गेटकडे निघाला. माझ्या मागे शेंगा खात बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "माज बघा की जरा. उद्यापास्नं बसवा भाईर." आजूबाजूचे चार जण हसले. त्याच पोराने पहिल्या हाफमध्ये दोन बचावपटूंना अंगावर घेऊन बॉल पुढे रेटला होता, तेव्हा हेच गृहस्थ उभं राहून ओरडले होते. त्यांचं वाक्य मला घरी येईपर्यंत पुरलं, आणि रात्री जेवताना मनात जो चेहरा आला तो कोल्हापुरातल्या कुणाचा नव्हता. तो इजिप्तच्या अहमद होसामचा होता. फुटबॉल बघणारे त्याला मिडो म्हणून ओळखतात.

मिडोला मी पहिल्यांदा पाहिलं ते शनिवारच्या रात्री, ईएसपीएन-स्टारच्या काळात. 2005 चा फेब्रुवारी. लंडनच्या टॉटनहॅम क्लबने त्याला रोमाकडून उसनवारीवर आणलं होतं आणि पहिलाच सामना पोर्ट्समथशी. उंच, रुंद खांद्यांचा, कपाळावर सतत आठी. पाठीवर बचावपटू घेऊन बॉल छातीवर झेलायची त्याची पद्धत अशी, की मागच्याने कितीही रेटलं तरी तो आपल्या जागेवरून हलत नसे. त्या दिवशी त्याने दोन गोल केले, टॉटनहॅम 3-1 जिंकलं. समालोचक त्याच्या वयाबद्दल परत परत बोलत होता. कारण तोवर तो गेंट, आयाक्स, सेल्टा विगो, मार्सेय आणि रोमा अशी पाच ठिकाणं करून आला होता आणि वयाची बावीस वर्षंही अजून पुरी व्हायची होती.

तो झमालेकचा. म्हणजे नुसता त्या क्लबातून खेळला असं नाही, त्याचे वडीलही झमालेकसाठी खेळलेले. कैरोत अल अहलीचा लाल आणि झमालेकचा पांढरा यांच्यामध्ये जी रेघ आहे ती आपल्याकडे कोल्हापुरात शिवाजी पेठ-मंगळवार पेठ यांची चुरस बघत वाढलेल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पोरगं कुठल्या घरात जन्मलं यावरून त्याच्या जर्सीचा रंग ठरतो. अशा घरातला मुलगा सोळा-सतराव्या वर्षी पहिल्या संघात येतो आणि 2000 साली, सतराव्या वर्षी, सगळं सोडून बेल्जियममध्ये गेंटला निघून जातो. त्या वयात आपण अकरावीला असतो. थंडी, परकी भाषा, ओल्या मैदानावरचा जड बॉल. तरी पहिल्याच हंगामात लीगमध्ये अकरा गोल, आणि बेल्जियममधल्या सर्वोत्तम आफ्रिकी खेळाडूला मिळणारा मानाचा बूट. पुढच्या उन्हाळ्यात आयाक्सने त्याला नेलं.

आयाक्समध्ये त्याच उन्हाळ्यात स्वीडनहून आणखी एक उंच पोरगा आला होता, झ्लाटान इब्राहिमोविच. रोनाल्ड कूमन हंगामाच्या मध्यात कोच झाला आणि 2002 मध्ये आयाक्सने लीग आणि कप दोन्ही जिंकलं. त्या वर्षी या दोघांपैकी पुढे कोण जाईल अशी पैज कुणी लावली असती, तर मिडोवर पैसे लावणारे कमी नसते. पण लोकांच्या लक्षात राहिली ती कात्री. एका सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये शब्दाला शब्द वाढला आणि मिडोने झ्लाटानच्या दिशेने कात्री भिरकावली, असं पुढे झ्लाटाननेच सांगितलं. त्याच आठवणीत त्याने हेही सांगितलं, की थोड्या वेळाने दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडले. हा दुसरा भाग सांगताना मी फार कमी जणांना ऐकलंय. कात्री गोष्टीत शोभून दिसते. विशीतली दोन पोरं, दोघांनाही आपणच सर्वांत चांगले आहोत याची खात्री, आणि जागा एकच. मैत्री आणि मारामारी एकाच तासात होण्याचं हेच तर वय.

मग ती 2006 ची रात्र.

तिच्याकडे येण्याआधी त्या आठवड्याचं कैरो आठवायला हवं. आफ्रिकन नेशन्स कप इजिप्तमध्येच होता. पहिल्या सामन्यात लिबियाविरुद्ध स्पर्धेतला इजिप्तचा पहिला गोल मिडोनेच केला होता. फेब्रुवारीच्या 3 तारखेला पहाटे तांबड्या समुद्रात अल-सलाम बोकाचिओ 98 ही फेरीबोट बुडाली. हजाराहून जास्त माणसं गेली, बरीचशी सौदीत राबून घरी परतणारी. त्याच संध्याकाळी काँगोविरुद्ध उपांत्यपूर्व सामना झाला. एकीकडे बंदरावर नातेवाईक याद्यांसाठी ताटकळत होते आणि दुसरीकडे स्टेडियम भरलं होतं. त्या सामन्यात एकोणचाळीस वर्षांच्या होसाम हसनने गोल केला. इजिप्त 4-1 ने जिंकलं. या सगळ्याचं ओझं घेऊन 7 तारखेला सेनेगलविरुद्धचा उपांत्य सामना सुरू झाला. अहमद हसनची पेनल्टी, मग नियांगचा बरोबरीचा गोल, आणि पाऊण लाखाच्या आसपास माणसांचा आवाज हळूहळू खाली बसत गेलेला.

शेवटची दहा-बारा मिनिटं उरली असताना कोच हसन शेहाताने मिडोला बाहेर बोलावलं. आत जाणार होता अम्र झाकी. मिडो रेषेकडे येता येताच ओरडायला लागला. शेहाताही गप्प बसला नाही. दोघं समोरासमोर, नाकाला नाक लागेल इतके जवळ, मध्ये पडणारे सहकारी, आणि हे सगळं साऱ्या आफ्रिकेच्या टीव्हीवर. "मीच का?" एवढं तर त्या चेहऱ्यावरून अरबी न येणाऱ्यालाही वाचता येतं. आणि हे भांडण पुरतं निवतही नाही तोच पलीकडे झाकी उडी मारतो आणि डोक्याने बॉल जाळ्यात घालतो. मैदानात येऊन त्याला फार तर मिनिट-दीड मिनिट झालेलं. 2-1. स्टेडियम फुटतं. शेहाता हात आकाशाकडे नेतो. त्या गर्दीत मिडो कुठे आहे ते शोधावं लागतं.

ती क्लिप मी कितीदा पाहिली असेल सांगता येत नाही. दर वेळी माझं लक्ष झाकीच्या गोलकडे न जाता मिडोकडेच जातं. आपल्या संघाने फायनल गाठली याचा आनंद आणि आपण चुकीचे ठरलो याची लाज, दोन्ही एकाच क्षणी अंगावर आल्यावर माणसाने कसं उभं राहायचं? बाविसाव्या वर्षी तर कुणालाच हे जमत नाही. तो काही वाक्यं बोलून गेला होता, ती परत घेता येत नव्हती. आणि नियतीने त्याला उत्तर द्यायला साधा अर्धा तासही घेतला नव्हता.

इजिप्तच्या संघटनेने त्याला सहा महिन्यांसाठी राष्ट्रीय संघाबाहेर ठेवलं. त्याने माफी मागितली, पण फायनल गेली ती गेलीच. फायनलमध्ये समोर आयव्हरी कोस्ट आणि त्यांच्या पुढच्या फळीत दिदिएर ड्रोग्बा. हाच ड्रोग्बा 2003 च्या उन्हाळ्यात मिडोबरोबरच मार्सेयला आला होता, एक हंगाम दोघं एकाच आघाडीवर खेळले होते. तिथून ड्रोग्बा चेल्सीला गेला आणि मिडो रोमाला, जिथे त्याला लीगमध्ये एकही गोल करता आला नाही. कैरोतली ती फायनल गोलशून्य राहिली, पेनल्टींवर गेली. एसाम अल-हदारीने ड्रोग्बाची पेनल्टी अडवली, शेवटची अबू त्रिकाने मारली, आणि कप इजिप्तचा झाला. आपल्या जुन्या जोडीदाराला आपल्याच शहरात, आपल्याविना हरताना बघणं. त्या रात्री मिडोच्या मनात काय चाललं असेल याचा विचार मी केलाय आणि दर वेळी अर्ध्यात सोडून दिलाय.

आता माझं मत सांगतो. शेहाता बरोबर होता. हे एका मिनिटात सिद्ध झालं म्हणून मी म्हणत नाही. झाकीची ती उडी चुकली असती, बॉल बारवरून गेला असता, तरी तो निर्णय घ्यायचा हक्क शेहाताचाच होता. तो स्वतः झमालेकचा नावाजलेला फॉरवर्ड. बाहेर बोलावलेल्या फॉरवर्डच्या पोटात काय कालवतं ते त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. आणि तरीही, मिडोचा संताप मला माज वाटत नाही. ज्या हट्टाने तो सतराव्या वर्षी गेंटच्या चिखलात उभा राहिला, ज्या हट्टाने पाठीवर दोन माणसं झेलत बॉल धरून ठेवायचा, तोच हट्ट त्या रेषेवर ओरडत होता. पाटी वर झाल्याबरोबर तो हट्ट उतरवून बाकावर घडी घालून ठेवावा, अशी अपेक्षा आपण पायऱ्यांवर बसून करतो. काहींना ते जमतं. मोठे खेळाडू त्यातूनच घडतात हेही खरं. पण ज्यांना जमत नाही, त्यांना लगेच हिणवायचं काय कारण, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

हे त्याचं पहिलं भांडण नव्हतं, हेही बाजूला ठेवून चालणार नाही. 2004 मध्ये मार्को तार्देल्ली इजिप्तचा कोच होता. 1982 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये गोल केल्यावर मुठी आवळून, डोळे भरून, ओरडत धावत सुटलेला इटलीचा तार्देल्ली. तेव्हा मिडोने दुखापतीचं कारण सांगून राष्ट्रीय संघाकडे जायचं टाळलं आणि लगेचच रोमासाठी मैत्रीपूर्ण सामना खेळला. देशात संताप उसळला, त्याला संघाबाहेर काढलं गेलं. मग त्याने जाहीर माफी मागितली आणि त्याला परत घेतलं शेहातानेच. म्हणजे ज्या माणसाने दार उघडलं होतं, त्याच्याच तोंडावर वर्षभराने तो ओरडला. मिडोवर जीव असूनही या जागी माझी गाडी अडते. इथे त्याची बाजू घेता येत नाही, घ्यावीशीही वाटत नाही.

होसाम हसनचं नाव मगाशी ओझरतं घेतलं. त्याच्याजवळ जरा थांबायला हवं, कारण मिडोच्या गोष्टीत तो सारखा येत राहतो. होसामला मी त्याच्याही आधी पाहिलं, इटलीतल्या 1990 च्या वर्ल्ड कपमध्ये, दूरदर्शनवर. शेजाऱ्यांच्या घरात सतरंजीवर दाटीवाटीने बसून. इजिप्तने युरोपचा विजेता नेदरलँड्स बरोबरीत रोखला ती रात्र. खोलीतली थोरली माणसं खुलित आणि व्हान बास्टेन यांना बघायला बसली होती आणि अर्ध्या तासात सगळी इजिप्तची झाली. त्या वर्ल्ड कपचं तिकीट मिळवून देणारा अल्जीरियाविरुद्धचा एकमेव गोल होसामचा होता. रागाच्या बाबतीत होसाम मिडोपेक्षा तसूभरही कमी नव्हता. पंचांशी वाद, प्रेक्षकांशी वाद, क्लबाशी वाद. आयुष्य अल अहलीच्या लालात काढून 2000 साली तो चक्क झमालेकला गेला, म्हणजे मिडोने झमालेक सोडलं त्याच वर्षी. कैरोत याहून मोठा गुन्हा सापडायचा नाही. तरी एकोणचाळिसाव्या वर्षी तो देशासाठी गोल करत होता आणि मिडो तिसाव्या वर्षी निवृत्त झाला.

मग फरक रागात नसणार. मला तो मुक्कामात दिसतो. होसाम युरोपात गेला, ग्रीसमध्ये, स्वित्झर्लंडमध्ये खेळला, आणि दोन वर्षांत घरी परतला. पुढची बहुतेक वर्षं त्याच्या भांडणांना आपली माणसं होती. चिडला तरी संध्याकाळी कुणीतरी दाराशी येऊन समजूत घालत असणार. मिडो टॉटनहॅम सोडलं तर कुठेच धड दोन वर्षं टिकला नाही. प्रत्येक ठिकाणी नवा कोच, नवी भाषा, नवं घर, आणि त्याच्या आधी तिथे पोचलेली त्याची कीर्ती. "हा भांडखोर आहे, सांभाळा." अशा माणसाचं पहिलं भांडण कुठल्याही नव्या गावात पहिलं म्हणून धरलंच जात नाही.

इंग्लंडमध्ये आणखी एक गोष्ट होती. 2007 च्या ऑगस्टमध्ये तो मिडल्सब्रोला आला. न्यूकॅसलविरुद्धच्या सामन्यात पाहुण्या प्रेक्षकांचा एक कोपरा त्याच्या धर्मावरून, अरब असण्यावरून गाणी म्हणत होता. बॉम्बची गाणी. त्याने गोल केला आणि त्या कोपऱ्यासमोर जाऊन ओठांवर बोट ठेवलं. पंचाने त्याला पिवळं कार्ड दाखवलं. त्या क्षणी तो ओरडला नाही, अंगावर धावून गेला नाही, फक्त बोट ठेवलं. आयुष्यभर ज्याला राग आवरत नाही म्हणून ऐकवलं, त्याने राग आवरला तेव्हा शिक्षा त्यालाच झाली. पुढच्या वर्षी न्यूकॅसलच्याच प्रेक्षकांनी परत तेच केलं. 2006 चं भांडण जगाला पाठ आहे, हे बोट फारसं कुणाला आठवत नाही.

त्यानंतर उतार लागला. गुडघे, जांघ, वजन. 2009 च्या जानेवारीत तो विगनला उसनवारीवर गेला आणि तिथे त्याच्या आधीपासून कोण खेळत होतं? अम्र झाकी. तोच. झाकी त्या हंगामात लीगमध्ये दहा गोल करून बसला होता, अख्ख्या इंग्लंडला कौतुक होतं. मिडोने पहिल्याच सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध पेनल्टीवर बरोबरी साधली. कैरोत एकाला बाहेर काढून दुसऱ्याला आत घातलं होतं, आणि तीन वर्षांनी दोघं इंग्लंडच्या एका लहान गावात एकाच बाकावर बुटांच्या नाड्या बांधत होते. वसंत संपायच्या आत झाकीही राष्ट्रीय संघाकडून उशिरा परतला म्हणून कोच स्टीव्ह ब्रूसच्या जाहीर शिव्या खाऊन बसला. कैरोच्या त्या रात्रीचा नायक आणि खलनायक, दोघांच्याही वाट्याला तिथे तेच आलं. घरापासून लांब, फॉर्म गेलेला, आणि वर्तमानपत्रांत त्यांच्या शिस्तीबद्दल मथळे.

वेस्ट हॅमला 2010 मध्ये तो आठवड्याला हजार पौंडांवर खेळायला तयार झाला. प्रीमियर लीगमध्ये ही रक्कम नगण्य. त्याला पैसा नको होता, खेळायचं होतं. एव्हर्टनविरुद्ध त्याची पेनल्टी अडवली गेली आणि तिथे एकही गोल न करता तो परतला. परत आयाक्स, परत झमालेक, मग बार्न्सली. 2013 मध्ये त्याने थांबायचं जाहीर केलं. इजिप्तसाठी पन्नासेक सामन्यांत 20 गोल, वर्ल्ड कप एकही नाही, कारण त्याच्या सगळ्या कारकिर्दीत इजिप्त वर्ल्ड कपला पोचलाच नाही. आणि 2008, 2010 चे आफ्रिकन कप संघाने त्याच्याविना जिंकले.

पुढच्याच जानेवारीत झमालेकने त्याला कोच केलं. वय तीस. त्याच्याहून वयाने मोठे खेळाडू त्याच्या हाताखाली होते. आता कुणाला बाहेर बोलवायचं ते तो ठरवणार होता. जुलैमध्ये त्या संघाने इजिप्त कप जिंकला, फायनलमध्ये स्मूहाला 1-0 हरवून. आणि महिना उलटायच्या आत झमालेकने त्याला बदललं. त्याच्या जागी आला होसाम हसन.

मिडो आता टीव्हीवर बोलतो. काही वर्षांपूर्वी त्याने उघडपणे सांगितलं, की निवृत्तीनंतर त्याचं वजन दीडशे किलोच्या घरात गेलं होतं आणि डॉक्टरांनी जिवाला धोका असल्याचं स्पष्ट सांगितलं होतं. मग त्याने ते उतरवलं, पुष्कळ उतरवलं. होसाम इजिप्तचा राष्ट्रीय कोच झाला आणि 2026 च्या वर्ल्ड कपला संघ घेऊन पोचला. दोघांचं बरं झालं, एवढं ऐकूनही मला बरं वाटतं.

आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर ती सेनेगलची क्लिप वर्षातून एकदा तरी कुणीतरी टाकतंच, सोबत हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी वाद घालायचं सोडलंय. उत्तरादाखल पोर्ट्समथविरुद्धचे ते दोन गोल पाठवतो. गेल्या वेळी एका पोराने विचारलं, "हा कोण? भारी आहे की." त्याला मी सगळं सांगत बसलो, गेंटपासून.